बिनतारी, पण आधी तार आणा

1895 साली जगदीशचंद्र बोसांनी कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये विद्युतचुंबकीय लहरी भिंतींच्या आरपार धाडल्या, पलीकडची घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू उडवून दाखवली. मध्ये तार नव्हती. ड्रायव्हरही नव्हता.

त्याच कोलकात्यात परवा मी चांदनी मार्केटमधून वाय-फाय अडॅप्टर आणला. नखाएवढा. दुकानदार म्हणाला, "दादा, फक्त खोचायचं." खोचला. दिवा लुकलुकला आणि पडद्यावर नेटवर्कऐवजी एक सीडी ड्राइव्ह उगवला. ड्रायव्हर म्हणे त्याच्याच पोटात. पण तो जुन्या विंडोजचा. खोक्यात एक चिमुकली सीडीही निघाली. ती भरवायला आमच्या लॅपटॉपला तोंडच नाही. माहितीपत्रकाने उपाय सांगितला : नवा ड्रायव्हर इंटरनेटवरून घ्या. म्हणजे वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही!

शेवटी मोबाइलच चार्जिंगच्या वायरने लॅपटॉपला जोडला, त्याचं नेट उसनं घेतलं, ड्रायव्हर उतरवला, दोनदा रीस्टार्ट केलं. बिनतारी व्हायला आधी तार लागली. आता 2.4 गिगाहर्ट्झवर गाडी रखडत चालते, कारण शेजाऱ्यांचे सगळे राउटर त्याच गल्लीत. 5 वर वेग झकास. पण दोन जाड भिंती आडव्या आल्या की लहर उंबऱ्यावरूनच माघारी.

टाउन हॉलमधली घंटा मात्र मुकाट्याने वाजली. 'सर्व अटी मान्य आहेत' या चौकटीत आधी टिक करा, असं ती कुणाला म्हणाली नव्हती.