उबेचा हक्क

ब्रिटनमध्ये घरी नवा बिअर्डेड ड्रॅगन आणला, की त्याची सरबराई जावयाच्या थाटात करावी लागते. हा सरडा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. म्हणून काचपेटीच्या एका टोकाला दिव्याखाली ४० अंश, दुसऱ्या टोकाला जरा गारवा, वर अतिनील किरणांची नळी आणि जेवायला जिवंत रातकिडे, तेही कॅल्शियमची पूड भुरभुरून. पाहुणा बुजू नये म्हणून पहिले काही दिवस त्याला कोणी हातही लावायचा नाही. हयगय झालीच तर २००६ चा प्राणी कल्याण कायदा आहे. पाळीव प्राण्याला योग्य निवारा न दिल्यास मालकाला शिक्षा होऊ शकते.

किती सुसंस्कृत व्यवस्था! २०२२ च्या हिवाळ्यात वीज-गॅस महागले, तेव्हा म्हाताऱ्यांची सोय अनेक सार्वजनिक ग्रंथालयांनी केली. ऊब घ्या, हवं तर पुस्तकही चाळा. २०२४ मध्ये बहुसंख्य पेन्शनरांचा हिवाळी इंधन भत्ता सरकारने थांबवला. (सरड्यांनी हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही.)

आता एकच नम्र सूचना. ज्येष्ठ नागरिकांची नोंद सरपटणाऱ्या प्राण्यांत करावी. संधिवातामुळे निम्मी पात्रता त्यांनी आधीच मिळवली आहे. रातकिड्यांचीही सवय होईल. अडचण फक्त पडताळणीची. भेदरलेल्या अस्सल अर्जदाराची, म्हणजे बिअर्डेड ड्रॅगनची, दाढी काळी पडते. आजोबांना गॅसचे बिल दाखवून पाहिले. दाढी पांढरीच राहिली. सबब, अर्ज नामंजूर.