एक जंतू, चार पोथ्या

  मायकोप्लाझ्मा या जंतूला पेशीभित्तिकाच नाही. पेनिसिलिन त्याचे काही बिघडवत नाही, 0.22 मायक्रॉनच्या गाळणीतूनही तो निसटतो. जीव तोच, पण त्याला पकडायच्या पोथ्या, म्हणजे औषध-मानकांचे ग्रंथ, चार: युरोपची, अमेरिकेची, जपानची आणि आपली गाझियाबादहून निघणारी. पुण्यातली लस परदेशी निघाली की पोथ्यापोथ्यांच्या कागदांनी फाइल गरोदर! संवर्धन चाचणीला 28 दिवस. युरोपने जनुकीय चाचणीला वाट दिली खरी, पण मिलिलिटरमागे 10 जंतू पकडून दाखवा म्हणे. त्या 28 दिवसांत पेशींपासून केलेल्या काही उपचारांची मुदतच संपते. रुग्णाने जरा थांबावे, समिती बसली आहे.