घरबसल्या ९९.६३ टक्के

पालमसारख्या तालुक्याच्या गावात २०२०-२१ची बारावी बहुतेक मोबाइलवरच भरली. आणि घरात तो एकच, तोही वडिलांच्या खिशात असला की भौतिकशास्त्र शेतावर जायचं. तरीही ३ ऑगस्ट २०२१ला राज्याचा निकाल लागला ९९.६३ टक्के! आदल्या वर्षी वर्गात बसून, पेपर लिहून जेमतेम ९०.६६. म्हणजे इतकी वर्षं निकालाच्या आड येत होते ते वर्ग आणि पेपरच, असं म्हणायचं.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत पोरांना परीक्षेला बसवायचं होतं का, असं कुणी विचारेल. मुळीच नाही, परीक्षा रद्द केली हे शहाणपणच. हरकत आहे ती दशांशचिन्हाला. सूत्र काय, तर दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३०, बारावीचे ४०. त्यातल्या अकरावीच्या दुसऱ्या सत्राची परीक्षा आदल्या टाळेबंदीतच रद्द झालेली, आणि बारावीचे गुण कॉलेजांनी घेतलेल्या (निदान घेतल्याचं कळवलेल्या) चाचण्यांचे. एवढ्या सामग्रीवर दोन दशांश स्थळांपर्यंत अचूकता! नुसतं ‘उत्तीर्ण’ लिहिलं असतं तर पुढचे प्रवेश कशावर दिले असते, म्हणाल, तर वैद्यकीयची ‘नीट’ १२ सप्टेंबरला झालीच की. केंद्रावर, कागदावर, पेनानं.