चोरी होऊ द्या, धंदा वाढवा

सॉफ्टवेअर कंपनी काढलीत? अभिनंदन. आता गिऱ्हाईक शोधत पुण्या-मुंबईला हिंडू नका. आधी चोर गाठा. नायगावात, फ्लेक्सच्या दुकानात, भाऊंच्या वाढदिवसाचा बॅनर करत तो बसलेला आहे.

१. किंमत दणदणीत ठेवा. फ्लेक्स चौरस फुटावर विकला जातो. तुमच्या सॉफ्टवेअरसाठी अख्ख्या तालुक्यातल्या भाऊंचे वाढदिवस खर्ची पडले पाहिजेत. म्हणजे विकत घ्यायचा मोह कुणाला होणार नाही.

२. कुलूप लावा, पण किल्ली पायपुसण्याखाली ठेवा. नेट बंद करा, अँटिव्हायरस बंद करा, ही ‘क्रॅक’ फाइल तिथं पेस्ट करा, ‘रिप्लेस’ म्हणा. एवढं पोरांना पाठ असतं. तुमचं मॅन्युअल कुणी उघडत नाही, वाईट वाटून घेऊ नका.

३. थोरांचा आदर्श ठेवा. बिल गेट्स यांनी १९७६ साली फुकट्या हौशी मंडळींना खरमरीत पत्र लिहिलं होतं. १९९८ पर्यंत अक्कल आली. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांसमोर चीनबद्दल ते म्हणाले, की चोरणारच असतील तर आमचंच चोरावं. चटक लागेल, वसुलीचं पुढच्या दशकात बघू. २००७ साली रोमानियाचे राष्ट्राध्यक्ष बासेस्कू यांनी तर गेट्स यांच्यासमोरच सांगितलं, की चोरीच्या सॉफ्टवेअरमुळे आमची तरुण पोरं संगणक शिकली. यजमानानं असं कौतुक केल्यावर पाहुण्यानं काय बोलावं?

४. शिकाऊ पोरांना जपा. ‘टॅली’ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या एज्युकेशनल मोडमध्ये महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी होतात. त्या हिशेबानं दुकान महिन्यातून फार तर तीनच दिवस उघडं. मग क्लासातला पोरगा म्हणतो, ‘सर, फुल व्हर्जन टाकून द्या की.’ सरही टाकून देतात. पुढं तोच पोरगा कृषी सेवा केंद्रात हिशेबाला बसतो, कारण मालकानं एकच विचारलेलं असतं: ‘टॅली येतं का?’ जाहिरातीचा खर्च शून्य. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जुन्या क्रॅकवर रिटर्नचं भागेना, आणि मालकाचा हात आपोआप खिशाकडे गेला. सरकार असं कधी कधी मदतीला येतं.

५. कायदा दाखवा, वापरू नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब प्रमाणे ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड होऊ शकतो. नोटीस शहरातल्या मोठ्या कंपनीला धाडा. फ्लेक्सवाल्याला आत टाकलंत तर तुमचा प्रचार कोण करणार?

६. सवय मुरली की भाडं लावा. ‘अडोबी’नं २०१३ साली हेच केलं: नव्या आवृत्त्या विकणं बंद, यापुढं फक्त वर्गणी.

एकच धोका. चोरी खरोखर थांबली तर तो फ्लेक्सवाला पोरगा ‘इंकस्केप’ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरकडे वळेल. ते उतरवायला पैसे लागत नाहीत, क्रॅक लागत नाही, अँटिव्हायरसही चालू राहतो. नायगावात याची वाच्यता करू नका.