सही आमच्या पोराची, खोटं तुमचं: व्हिसाच्या एजंटास खुले पत्र

कन्सल्टंट महोदय,

तुमचं नाव लिहीत नाही. केजमध्ये कुणाबद्दल बोलतोय हे तुम्हाला कळेल आणि ज्यांनी तुमच्याकडे पैसे भरलेत त्यांनाही कळेल. तुमच्या ऑफिसच्या काचेवर विमानाचं चित्र आहे आणि त्याखाली ‘शंभर टक्के व्हिसा गॅरंटी’ असं लाल अक्षरांत लिहिलंय. अमेरिकेचा व्हिसा द्यायचा की नाही हे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत खिडकीपलीकडे बसलेला अधिकारी ठरवतो. त्याच्या वतीने गॅरंटी द्यायला तुम्हाला कुणी नेमलं? ती ओळ आधी पुसा, मग पुढचं पत्र वाचा.

माझा पुतण्या अंबाजोगाईला इंजिनिअर झाला. त्याच वर्षी त्याच्या वडिलांना, म्हणजे माझ्या दादाला, अर्धांगाचा झटका आला आणि पोरानं पुढचं सगळं वर्ष शेत सांभाळलं. पेरणी, फवारणी, काढणी, मोंढ्यात माल नेणं, आडत्याशी भांडणं, दादाला दवाखान्यात नेणं-आणणं, सगळं त्यानं एकट्यानं केलं. नंतर त्याला अमेरिकेतल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, तोही स्वतःच्या मार्कांवर. तुमच्याकडे तो फक्त फॉर्म भरायला आला होता. त्याच्या कागदांत ते एक वर्ष तुम्हाला रिकामं दिसलं. ‘गॅप दिसला की रिजेक्ट होतो, मी सेट करतो,’ असं तुम्ही म्हणालात आणि पुण्यातल्या एका कंपनीचं अनुभवाचं प्रमाणपत्र बनवून आणलंत. ती कंपनी पोरानं कधी पाहिलेलीही नव्हती.

खिडकीवर त्याला विचारलं, तिथे काम काय करत होतास? वर कोण होतं? तुम्ही घोकून घेतलेली उत्तरं दुसऱ्या प्रश्नालाच संपली. दोन-तीन मिनिटांत पासपोर्ट परत हातात आला आणि त्यासोबत छापील कागद, कलम 214(बी).

हे कलम तुम्ही कधी वाचलंय का? वाचलं असतं तर पोराचं वर्ष लपवलं नसतं. अमेरिकेच्या 1952 च्या इमिग्रेशन कायद्यातलं ते कलम सांगतं की विद्यार्थी किंवा पर्यटक म्हणून येऊ पाहणारा माणूस तिथेच कायमचा राहायला येतोय असं अधिकाऱ्यानं गृहीत धरायचं, आणि तसं नाही हे पटवून द्यायची जबाबदारी अर्जदाराची. म्हणजे गावाकडे माझं काय आहे, कोण आहे, मी परत का येईन, हे त्यानं सांगायचं. आमच्या पोराकडे सांगायला काय नव्हतं? मांजरा धरणाच्या बाजूला जमीन आहे, सातबारा आहे, आजारी बाप आहे आणि त्या बापासाठी शिक्षण बाजूला ठेवलेलं एक वर्ष आहे. एवढं बोलला असता तर व्हिसा मिळालाच असता असं मी म्हणणार नाही, तुमच्यासारखी गॅरंटी मला देता येत नाही. पण खिडकीवर उभा राहून तो खरं बोलला असता आणि अडखळला नसता. तुम्हाला शेतीची लाज वाटली आणि त्या लाजेची किंमत त्यानं मोजली.

डीएस-160 या अर्जात एक प्रश्न असतो: हा अर्ज भरायला कुणी मदत केली का? तिथे तुम्ही काय भरलंत, ते आम्हाला आजही माहीत नाही. पुढे अर्जदारानं स्वतःच सही करायची असते, सगळी माहिती खरी आहे असं सांगून. ते सहीचं बटण तुम्ही तुमच्या कॉम्प्युटरवर, तुमच्या हातानं दाबलंत. आम्ही अर्जाची प्रत मागितली तेव्हा ‘ती आमच्याकडेच असू द्या’ म्हणालात. अपॉइंटमेंटच्या खात्याला ईमेल तुमचा, पासवर्डही तुमचा. भरलेल्या अर्जात काय लिहिलंय हे ज्याचा अर्ज त्यालाच माहीत नाही, अशी व्यवस्था तुम्ही जाणूनबुजून केलीत.

आणि परिणाम कुणाला? जाणूनबुजून खोटी माहिती किंवा बनावट कागद दिल्याचं ठरलं, तर त्या देशात जायला कायमची बंदी येऊ शकते, तसं कलम त्याच कायद्यात आहे. ती बंदी अर्जदारावर येते, एजंटवर नाही. ‘याआधी व्हिसा नाकारला होता का?’ या प्रश्नाला आमच्या पोराला आता प्रत्येक वेळी ‘हो’ लिहावं लागेल. तुम्ही मात्र दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर वर केलंत.

पैशाचंही बोलतो. अर्जाची फी 185 डॉलर आणि विद्यार्थ्यांची सेव्हिस फी 350 डॉलर. व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही, हे आम्हाला मान्य आहे, तो त्यांचा नियम आहे. पण ‘स्लॉटचे वेगळे’ म्हणून तुम्ही जे घेतलेत ते कशाचे? अर्जाची फी भरली की मुलाखतीची तारीख अर्जदाराला स्वतः घेता येते, त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. मार्च 2025 मध्ये अमेरिकी दूतावासानं भारतातल्या सुमारे 2000 अपॉइंटमेंट रद्द केल्या, त्या बॉट लावून अडवलेल्या होत्या. तारखा अशा अडवायच्या आणि मग त्याच विकायच्या. सोयाबीनची पट्टी मोंढ्यातून आली तशीच तुमच्या टेबलावर गेली. ऊसतोडीचा मुकादम निदान आधी उचल देतो आणि मग हातात कोयता देतो. तुम्ही आधी आमच्याकडूनच उचल घेतली.

तुमचा दुसरा धंदाही गावाला माहीत आहे. दुबई, मस्कतला काम आहे म्हणून पोरं न्यायची आणि पाठवायची व्हिजिट व्हिसावर. 1983 च्या उत्प्रवास कायद्यानं परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करायला परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते, आणि सेवाशुल्क तीस हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. तुमच्या भिंतीवर गुमास्ता परवाना आहे, देवाचा फोटो आहे, पुढाऱ्याबरोबरचा फोटो आहे. नोंदणीचा कागद कुठे आहे? दहावी न झालेल्या पोराच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असतो. आखातात कामाला जाताना त्याला मंजुरी घ्यावी लागते, करार आणि विमा तपासला जातो. व्हिजिट व्हिसावर पाठवलं की हे सगळं चुकवता येतं, आणि तिकडे मालकानं पगार बुडवला तर त्या पोराच्या हातात दाखवायला करारसुद्धा नसतो.

माझ्या मागण्या साध्या आहेत. पुतण्याच्या अर्जाची प्रत द्या. अपॉइंटमेंटच्या खात्याचा पासवर्ड द्या. स्लॉटच्या नावाखाली घेतलेले पैसे परत करा. बनावट प्रमाणपत्र कुठून आणलंत ते लेखी द्या. हे झालं नाही तर पोलिसांत तक्रार देणार आहे, अर्ज लिहून तयार आहे.

आता केजमधल्या आणि आसपासच्या गावांतल्या आईबापांना सांगतो. ज्यांची फाईल या किंवा अशा कुठल्याही ऑफिसात पडली आहे, त्यांनी आजच जाऊन भरलेल्या अर्जाची प्रिंट मागावी आणि पोराकडून ओळ न् ओळ वाचून घ्यावी. खोटं सापडलं तर मुलाखतीआधी नवा अर्ज भरता येतो. ईमेल आणि पासवर्ड पोराचाच असू द्या. आखातात पाठवत असाल तर एजंटचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा, आणि तिथे तो सापडला नाही तर त्याला एक रुपयाही देऊ नका.