फोर बाय फोर मालक

सोलापूरला देवाने सिद्धेश्वर दिला, शेंगाचटणी दिली, कडक भाकरी दिली, ऊन तर अगदी हात सैल सोडून दिलं. डोंगर तेवढा द्यायचा राहिला. गावात चढण म्हणावी अशी रेल्वेपुलाची, आणि त्यानंतरची थेट तुळजापूरच्या घाटात. तीही डांबरी, एसटी रोज चढते ती. अशा या सपाट मुलखात गेल्या काही वर्षांत एक माणूस चौकाचौकात दिसू लागलाय. त्याच्याकडे डोंगर चढायची गाडी आहे आणि तो डोंगर शोधतोय.

आमच्या ओळखीत असा एक आहे. त्याला सगळे मालक म्हणतात. सोलापुरात मालक व्हायला मालकी लागतेच असं नाही, पण याच्या वडिलांचा, अप्पांचा, शाळेच्या गणवेशांचा कारखाना आहे. निम्म्या जिल्ह्याच्या चड्ड्या अप्पांनी शिवल्या असं मालक सांगतो. वय तिशीच्या अलीकडे-पलीकडे, दाढी कोरलेली, रात्रीसुद्धा गॉगल कपाळावर. गाडी काळी थार, एम.एच. १३, आणि 'दादा' असं वाचता येणारा नंबर. त्या नंबराला किती मोजले हे अप्पांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

जीपगाडी सोलापूरला नवी नाही. महिंद्रांनी १९४७ पासून विलीज जीप देशात जुळवायला घेतल्या, आणि पुढची कित्येक वर्षं जीप म्हणजे निवडणुकीचा भोंगा किंवा साखर कारखान्याचा शेतकी अधिकारी. ती चिखलात जायची, कारण ऊस चिखलात असायचा. हौसेने चिखलात जायची कल्पना नंतरची. थार हे नाव २०१० मध्ये आलं, आणि मालकाच्या मनात भरली ती नवी थार बाजारात आली २ ऑक्टोबर २०२० ला. आयुष्यभर पायी चाललेल्या माणसाच्या जयंतीचा मुहूर्त कुणी काढला कोण जाणे.

मालकाला गाडीचे आकडे तोंडपाठ. पुढून चढायचा कोन ४१.८ अंश, मागून उतरायचा ३६.८, पोटाखालचा २७, जमिनीपासून उंची २२६ मिलिमीटर, पाण्यात ६५० मिलिमीटर. स्वतःच्या लग्नाची तारीख विचारा, वहिनींकडे बघतो. पार्क चौकात भजी खाताना शेजारच्या टेबलावरचा माणूस नुसता "पाऊस आला तर" म्हणाला, की मालक ६५० मिलिमीटर सुरू करतो. २०२४ च्या जूनमध्ये कच्छमध्ये मुंद्र्याच्या किनाऱ्यावर दोन थार समुद्रात अडकल्या, गावकऱ्यांनी बाहेर काढल्या, हे त्याला सांगून पाहिलं. "ते चालवणाऱ्यावर असतंय," म्हणाला.

गाडीच्या टपावर लोखंडी कॅरियर. त्यावर जादा टायर, दोन कॅन, फावडं, लांब दांड्याचा जॅक, घडीच्या चार खुर्च्या. हा सगळा संसार होटगी रोडवरून जिमला जातो आणि परत येतो. नान्नजच्या माळरानावर जायची त्याची फार इच्छा होती, पण ते माळढोकाचं अभयारण्य, वनखातं थोडंच सोडणार! तिथे माळढोक दिसेनासे होत गेले आणि शहरात थार वाढत गेल्या. दोन्हींचा संबंध नाही, पण मोजणाऱ्याला हुरहुर लागते.

शेवटी डोंगर मिळाला नाही म्हणून मालकाने खड्डा शोधला. शहराबाहेर मुरुमाची एक बंद पडलेली खाण. वरून खाली पाहिलं तर खड्डा, खालून वर पाहिलं तर डोंगर. रविवारी सकाळी आम्ही मंडळी निघालो. टायरमधली थोडी हवा सोडली, लहान दांडा ओढून फोर लो टाकला, आणि मोबाइल धरायला एका पोराला समोर उभं केलं.

पहिल्यांदा गाडी दोनतृतीयांश चढली आणि थांबली. वाळलेला मुरूम पायाखालून सरकतो तसा टायराखालूनही सरकतो. चाकं जागच्या जागी फिरली, धूळ उडाली. आता अशा वेळी काय करायचं हे इगतपुरीच्या प्रशिक्षण केंद्रापासून उसाच्या फडापर्यंत सगळीकडे एकच सांगतात: ब्रेकवर उभं राहायचं, रिव्हर्स टाकायचा आणि आलो तसं नाकाच्या रेषेत सरळ मागे यायचं. पण रिव्हर्स म्हणजे माघार, आणि मोबाइल चालू. मालकाने चढावरच स्टिअरिंग फिरवलं.

त्या गाडीच्या पडद्यावर गाडी किती कललीय ते अंशात दिसतं. शेजारी बसलेला मित्र क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसा वाचत होता. "चोवीस… अठ्ठावीस… मालक, बत्तीस झालं बे!" मालकाच्या पाठांतरात पुढचा कोन होता, मागचा होता, पोटाचा होता, आडवा कोन नव्हता. तो पत्रकावर सहसा छापत नाहीत, कारण तो सगळा कंपनीच्या हातात नसतो. टपावर तुम्ही काय काय बांधलंय यावरही तो ठरतो. सगळ्या वजनाच्या मध्यातून ओळंबा सोडला, तर तो खालच्या चाकांच्या आत पडेल तोवर गाडी उभी. वजन जितकं वर, तितका ओळंबा लवकर बाहेर. मालकाने जादा टायरसकट आपला ओळंबा टपावर नेऊन ठेवला होता.

उलटली म्हणणं जास्त होईल. वरच्या बाजूची दोन चाकं उचलली, क्षणभर विचार केला, आणि गाडी सावकाश कुशीवर झाली, दुपारी जेवण करून आडवी व्हावी तशी. मग एकेक खुर्ची खाणीत घरंगळत गेली. आत मालक बेल्टला लटकलेला, आणि खाली खिडकीला चिकटलेल्या मित्राच्या डोळ्यांसमोर नव्वद किलोचा मालक. नशीब, दोघांनीही हात बाहेर काढले नव्हते. आतून पहिला आवाज आला तो असा: "व्हिडिओ काढलालास का बे?"

नव्हता काढला. गाडी कलताच ते पोरगं मदतीला धावलं. भला पोरगा. पुढचा सगळा व्हिडिओ म्हणजे त्याची चप्पल आणि "आयायाया".

आम्ही त्यांना वरच्या दारातून ओढून काढतोय तेवढ्यात खाणीच्या तळातून एक टीव्हीएस एक्सएल फटफटत वर आली. दूधवाला. दोन्ही बाजूंना चाकाच्या आसापर्यंत लोंबणारे भरलेले कॅन, पायात प्लॅस्टिकची चप्पल. खाणीपलीकडच्या वस्तीवरून शहरात यायचा त्याचा हा रोजचा जवळचा रस्ता. गाडीला वळसा घालून तो चढाच्या माथ्यावर थांबला, एक पाय टेकवला आणि म्हणाला, "मालक, बसून बघलालाव का खालचं?" उत्तराला थांबला नाही. दूध नासलं असतं.

ट्रॅक्टर त्यानेच पाठवला. ट्रॅक्टरवाला गाळपाच्या हंगामात ट्रॉल्या ओढणारा, म्हणजे पलटी या विषयातला जाणकार. त्याने आधी टपावरचं सगळं उतरवायला लावलं, मग दोर कुठे बांधायचा ते बोटाने दाखवलं. गाडी चार चाकांवर धपकन आली, टाळ्या वाजल्या, आणि मालकाचा हात किल्लीकडे गेला. "सेल मारू नका!" ट्रॅक्टरवाला ओरडला. आडव्या पडलेल्या इंजिनात ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं. हवा दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, आणि मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. डिझेल गाडी तर ते ऑइलच जाळत, किल्ली काढली तरी, सुसाट फिरत राहू शकते. मिस्त्री इंजेक्टर काढून बघेपर्यंत गाडी चालू करायची नव्हती, म्हणून थार ट्रॅक्टरमागून शहरात गेली. ट्रॅक्टरही महिंद्राच होता. मालकाने तेवढ्यात समाधान मानलं.

त्यानंतर मालक बदलला, पण आपल्याला वाटतं तसा नाही. आधी तो थार असलेला माणूस होता, आता थार पलटी केलेला माणूस झाला. ही वरची पायरी. आरसा बदलला, काच बदलली, पण डाव्या दारावरचा खरवडा त्याने जपून ठेवला. व्हिडिओ नसल्यामुळे पुरावा तेवढाच. सात रस्त्याला गाडी लावताना डावी बाजू हॉटेलकडे येईल अशी लावायचा. कुणी विचारलं तर आधी "काय नाय बे" म्हणायचा, आणि मग चहा थंड होईपर्यंत सांगायचा. बत्तीस अंशांचे अडतीस झाले. दूधवाला कथेतून गेला.

अप्पा कापडातले. डाग पडलेला माल त्यांच्या हिशेबी सेकंडचा, तो दुकानात मांडत नाहीत. मालक लग्नाला हैदराबादला गेला होता, तेवढ्या दोन दिवसांत अप्पांनी गाडी गॅरेजला नेली आणि दार नव्यासारखं करून आणलं. टपावर ओझं नको म्हणून कॅरियरही काढून भंगारात दिलं. मालक परत आला, डाव्या बाजूला उभा राहिला, दारावरून हात फिरवला. कुठे काही लागलं नाही. दोन दिवस जेवला नाही.

"एवढं काय झालं रे?" अप्पांनी विचारलं. "कलर मॅच झालाय की."