शिखरनिवासी पिंपळरावांस अनावृत पत्र

श्री. पिंपळराव यांस,
मु. पो. आमच्या देवळाचं शिखर, उत्तरेची बाजू.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपल्याविरुद्ध गावात कट शिजतो आहे. देवळाची निगा राखणाऱ्या पोरांना म्हणे प्रशिक्षण द्यायचं! शिडी कुठे टेकवायची, तुंबलेली पन्हळ कशी उपसायची, बोटभर रोप मुळासकट कसं काढायचं, हे सगळं शिकवायचं. ऐकून आपली पानं सळसळली असतील, म्हणून धीर द्यायला लिहितो.

वारणाकाठाला शिकायचं वावडं नाही, हे कबूल. तात्यासाहेब कोऱ्यांनी वारणानगरच्या माळावर साखर कारखाना उभा केला, तेव्हापासून उसापासून दुधापर्यंत सगळं आम्ही शिकून घेतलं. शेतकऱ्यांची पोरं बालवाद्यवृंदात वाद्यं वाजवायला शिकली. 1998 साली भोवतालच्या 70 गावांसाठी संगणकाची योजना आली, तीही अंगवळणी पाडली. पण देवळाचं काय शिकायचंय? तिथे भक्ती पुरते.

या भक्तीचे आपल्यावर किती उपकार! गेल्या जीर्णोद्धारात आम्ही काळ्या दगडाला ऑइलपेंट दिला, पोपटी आणि गुलाबी. दगडातली ओल बाहेर पडायची वाट बंद झाली. आता रंग पापडासारखा फुगतो आणि पडताना दगडाचा पापुद्राही घेऊन पडतो. सांध्यांतला चुना खरवडून सिमेंट भरलं. जुन्या चुन्यात गूळ, हिरडा घालत. गूळ तर कोल्हापुरात घरचाच. पण चुना भिजवा, घाण्यात मळा, मुरू द्या, एवढी सवड कुणाला? सिमेंट पडलं ताठ. उन्हापावसात दगड हलला तरी ते हलेना, मग त्याच्या कडेला केसाएवढी भेग पडली. त्या भेगेत एका पाखराने आपलं बी सोडलं. कसं सोडलं, ते थोरांच्या जन्मकथेत सांगत नाहीत.

सुतासारखं आत शिरलेलं आपलं मूळ आता मनगटाएवढं झालंय. दर आषाढात कुणीतरी कोयत्याने शेंडा छाटतो आणि श्रावणात आपण दुप्पट फुटता. आता ओढून काढावं तर दोन दगड सोबत येणार. शिवाय आपण पडलात देववृक्ष. कोयता धरणाराही आधी हात जोडतो.

जोतिबाचं देऊळ बांधायला 1730 साली राणोजी शिंदे भेटले. अंबाबाईच्या मूर्तीच्या रासायनिक संवर्धनासाठी 2015 साली पुरातत्त्व खात्याचे तज्ज्ञ आले, 2024 मध्ये पुन्हा आले. खिद्रापूरच्या कोपेश्वराला केंद्राचं संरक्षण आहे. आपल्या देवळाला फक्त आम्ही. यातच आपलं दीर्घायुष्य आहे.

तिकडे इंग्लंडात मात्र भलतंच. विल्यम मॉरिस नावाच्या कवीने 1877 साली जुन्या इमारतींसाठी एक संस्था काढली. तिने पुढे प्रार्थनास्थळं सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांचे फुकट वर्ग घेतले, त्यात पन्हळी साफ करायलाही शिकवलं! विद्वानांनी पाचोळा उपसायचा म्हणजे अतिच झालं.

तसलंच खूळ आमच्या देऊळ समितीच्या बैठकीत एका पोराने काढलं. मुसळधार पावसात छत्री घेऊन देवळाभोवती फिरा म्हणाला. पाणी कुठून झिरपतं, कुठे थबकतं ते बघा, फोटो काढा, वहीत तारीख घाला. मेमध्ये पन्हळी साफ करा. घासायला ॲसिड आणू नका, आणि दगड सुटलेला दिसला तर स्वतः हात न लावता जाणकाराला बोलवा. त्यावर एका ज्येष्ठांनी विचारलं, "पावसात भिजत फिराय आमी काय खुळं हाय?" विषय तिथेच संपला. (पोराचं म्हणणं बिनखर्चाचं होतं, हाही त्याचा दोषच. ज्यात वर्गणी नाही, त्यात समितीला गोडी कशी वाटावी?)

नव्या कलशाची वर्गणी मात्र जमली. सभामंडपात देणगीदारांच्या नावांची ग्रॅनाइटची पाटी बसणार आहे, त्यासाठी जुन्या भिंतीला ड्रिलने भोकं पाडायचं ठरलंय. पन्हळ उपसणाऱ्याचं नाव कोणत्या पाटीवर कोरायचं, सांगा बरं? आपल्या धाकट्या भावंडांची मात्र त्या भोकांत सोय होईल.

कळावे, लोभ आहेच, तो वाढवायची गरज नाही. आपण आपोआप वाढता.

आपला,
एक वर्गणीदार

ता. क. : ते पोरगं ऐकेना. काल शिडी मागत गावभर फिरलं. गावात उंच शिडी एकच, मंडपवाल्याकडे. ती रोषणाईसाठी थेट दिवाळीपर्यंत बुक आहे.